गुऱ्हाळासाठी पिकअप घ्यायची आहे : भरवशाची कोणती?

रवेकर (करवीर तालुका)

नमस्कार. कोल्हापूरपासून अठरा किलोमीटरवर आमचे गुऱ्हाळ आहे आणि यंदाच्या हंगामात स्वतःची पिकअप घ्यावी, असे घरात ठरले आहे. आतापर्यंत सगळा गूळ भाड्याच्या गाडीने जात असे. त्याच्या दोन वाटा आहेत. बहुतेक माल शाहू मार्केट यार्डात सौद्याला जातो. आठवड्यातून दोन खेपा मात्र गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे आणि पुढे कणकवलीच्या व्यापाऱ्यांकडे थेट जातात. हंगाम ऑक्टोबरपासून साधारण एप्रिलपर्यंत चालतो, आणि पावसाळ्यात गाडीला फारसे काम नसते.

स्वतःची गाडी घेण्याचे कारणही सांगतो. गेल्या डिसेंबरात भाड्याची गाडी पन्नास रवे (गुळाच्या ढेपा) घेऊन निघाली आणि गगनबावड्याच्या अलीकडे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागून तिची ताकदच गेली. चालकाने दोनदा बंद करून पुन्हा सुरू केली, पण ती वीसच्या वर पळेना. कोणत्या कंपनीची होती ते लिहीत नाही, कारण चूक गाडीची की मालकाच्या हयगयीची हे मला आजही कळलेले नाही. रात्रभर ताडपत्रीखाली माल धुक्यात उभा राहिला. सकाळी पाहिले तेव्हा वरच्या थरातील रव्यांना पाणी सुटले होते, गोणपाट चिकटून बसले होते आणि व्यापाऱ्याने तेवढा माल दर पाडूनच घेतला.

माझ्या यादीत सध्या 1.7 टनांची महिंद्रा बोलेरो पिकअप, बोलेरो मॅक्स, टाटा योद्धा, टाटा इंट्रा व्ही50 आणि अशोक लेलँडची बडा दोस्त आय4 एवढ्या गाड्या आहेत. आमचे गणित तीस किलोच्या रव्यावर चालते. त्या हिशेबाने दीड टनाच्या इंट्रा व्ही50 मध्ये पन्नास रवे बसतात, 1.7 टनांच्या बोलेरोत छप्पन्न, 1860 किलोच्या आय4 मध्ये बरोबर बासष्ट आणि दोन टनांच्या योद्ध्यात सहासष्ट. शोरूममध्ये ताकद आणि अ‍ॅव्हरेज याखेरीज दुसरे काही ऐकायला मिळत नाही. ज्याच्याकडे जी गाडी आहे तो तिचेच गुणगान करतो. मला अ‍ॅव्हरेजमध्ये एखादा किलोमीटर कमी मिळाला तरी चालेल, पण गाडी वाटेत उभी राहता कामा नये. या दृष्टीने कोणती कंपनी सरस ठरते?

घाटवाट

रवेकर साहेब, मी बारा वर्षे कोकणात माल पोहोचवतो आहे आणि सध्या माझ्याकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या तीन पिकअप आहेत. आपल्या प्रश्नातील एका गोष्टीकडे आपले स्वतःचेच लक्ष गेलेले दिसत नाही, म्हणून आधी ती सांगतो. आपला माल घाट उतरतो. लोक घाटाचे नाव काढले की लगेच अश्वशक्ती विचारतात. परंतु आपली गाडी भरलेली असताना उताराला असते आणि चढताना बहुधा रिकामी, फार तर नारळाची पोती किंवा एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्या घेऊन येते. त्यामुळे ती किती जोमाने चढते यापेक्षा पन्नास-साठ रव्यांचे ओझे घेऊन करूळच्या वळणांवर ती किती ताब्यात राहते, याला आपल्याकडे जास्त किंमत आहे.

तरीही इंजिनाचा विचार करावा लागतोच, फक्त वेगळ्या कारणासाठी. बोलेरो पिकअपचे इंजिन सुमारे अडीच लिटरचे, चार सिलिंडरचे आहे. योद्ध्याचे 2.2 लिटरचे असून त्याची ताकद 100 अश्वशक्ती सांगितली जाते. बडा दोस्त 1.5 लिटरच्या तीन सिलिंडरवर 80 अश्वशक्ती देते, आणि इंट्रा व्ही50 चे इंजिनही दीड लिटरचेच आहे. कागदावर बोलेरोच्या 75 आणि या 80 अश्वशक्तीत फरक वाटत नाही. पण दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढून गाडी उताराला सोडली की मोठे इंजिन तिला जास्त धरून ठेवते आणि ब्रेकवरचा पाय कमी वापरावा लागतो. उतार संपताना ब्रेकच्या लायनरचा जळका वास आला तर समजावे की चालकाने गिअरचे काम ब्रेककडून करून घेतले आहे. सपाट रस्त्यावर, विशेषतः शहरात फिरताना, लहान इंजिनाच्या गाड्या डिझेल कमी खातात हेही तितकेच खरे आहे. माझी शहरातली गाडी मी मुद्दाम तशीच ठेवली आहे.

कंपनीविषयी माझे मत असे आहे की या पाचांपैकी एकही गाडी मुळात कच्ची नाही. दोस्त 2011 पासून रस्त्यावर आहे आणि बडा दोस्त 2020 मध्ये आली. योद्धा 2017 ची, तर इंट्रा 2019 ची. त्यांच्या नवेपणाच्या खोडी एव्हाना निघून गेल्या आहेत. वाटेत गाडी अडली तर ती कोण दुरुस्त करणार, हा खरा फरक आहे. आपल्या जिल्ह्यात आणि खाली सिंधुदुर्गातही बोलेरो पिकअपची संख्या एवढी आहे की साध्या टपरीवजा गॅरेजमध्येही तिचा क्लच उतरवणारा माणूस भेटतो आणि फॅनबेल्ट किंवा होजपाइप दुकानात टांगलेलाच असतो. बाकीच्यांचे सुटे भाग कोल्हापुरात मिळतात, पण वैभववाडीत संध्याकाळी सहानंतर मिळतील असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. गाडी घेण्यापूर्वी आपल्या वाटेवरील चार गॅरेजांपुढे दुरुस्तीला उभ्या असलेल्या गाड्या एकदा पाहून या, आणि तिथल्या मेस्त्रीला कोणत्या गाडीचे काम येते तेही विचारा. दुरुस्तीला जास्त गाड्या दिसल्या म्हणजे ती गाडी वाईट असे मात्र समजू नका. जी जास्त विकली जाते तीच जास्त दिसणार.

रव्यांचा हिशेब मात्र थोडा सुधारून घ्या. आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की जे उरते, त्यात चालक, हमाल, ताडपत्री, दोर आणि आपण नंतर लावलेली लोखंडी जाळी हे सगळे येते. हौदा, म्हणजे माल ठेवायचा मागचा भाग, बाहेर बांधून घेतलात तर त्याचे जादा वजनही त्यातूनच जाते. बासष्ट रव्यांच्या गाडीत प्रत्यक्षात सत्तावन्न-अठ्ठावन्नच भरावेत. जादा वजनाचा दंड 2019 च्या दुरुस्तीपासून 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये असा आहे. पाच रव्यांच्या भाड्यात तो निघत नाही.

उद्यमनगरचा फिटर

वरील उत्तराशी मी बराचसा सहमत आहे. तथापि आपल्या गगनबावड्याच्या प्रसंगात पिवळा दिवा लागला आणि ताकद गेली असे आपण लिहिले आहे, त्यावर कोणी बोलले नाही. गाडी समोर नसताना निदान करणे योग्य नव्हे, परंतु ही लक्षणे मी हंगामात दर आठवड्याला पाहतो आणि दहापैकी सहा-सात वेळा मूळ धुरांड्याच्या बाजूला सापडते.

1 एप्रिल 2020 पासून बीएस6 लागू झाले आणि डिझेल पिकअपच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ आली. ही जाळी भरत जाते आणि ठरावीक पातळीला संगणक जादा डिझेल सोडून सायलेन्सर साधारण सहाशे अंशांपर्यंत तापवतो, म्हणजे साठलेली काजळी जळून जाते. गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग, जरा वेगात चालली तर हे काम चालकाच्या नकळत उरकते. आपली मार्केट यार्डाची वाटच विचारात घ्या. अठरा किलोमीटर अंतर, त्यात पहिले सहा उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून, पुढे शहरातले सिग्नल आणि शेवटी सौद्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवून अर्धा तास. काजळी जाळायला सुरुवात होते आणि चालक किल्ली फिरवतो. असे आठ-दहा वेळा झाले की दिवा लागतो. तरीही दुर्लक्ष केले तर संगणक इंजिन वाचवण्यासाठी ताकद कमी करतो, आणि ते नेमके घाटासारख्या ठिकाणी उघडे पडते. म्हणजे गाडी बिघडते यार्डाच्या वाटेवर आणि बोल लागतो गगनबावड्याला.

याची आगाऊ खूण डिपस्टिकवर, म्हणजे इंजिनातले ऑइल मोजायच्या पट्टीवर मिळते. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक जळणातील थोडे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. आपण लहानपणापासून ऑइल कमी झाले का तेच पाहत आलो. या गाड्यांमध्ये ते वाढले का तेही पाहावे लागते. महिन्याभरात पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, बोटावर घेतल्यास ऑइल पातळ लागत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर किलोमीटर पूर्ण व्हायची वाट न पाहता ते बदलावे. तेही पुस्तकात लिहिलेल्या कमी राखेच्या प्रतीचेच घालावे. नेहमीचे स्वस्त ऑइल घातले की त्याची राख जाळीत बसते, आणि काजळीप्रमाणे ती जळून जात नाही. शोरूममध्ये आपण विचारावयाचा पहिला प्रश्न हाच आहे की ही जाळी गाडी उभी असताना बटण दाबून साफ करता येते की त्यासाठी सर्व्हिस सेंटरचा संगणकच जोडावा लागतो. दुसरा प्रश्न, या मॉडेलला युरियाचे पाणी, म्हणजे डीईएफ लागते का. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत याची उत्तरे वेगळी असू शकतात. म्हणून कंपन्यांची तुलना न करता मॉडेलांची करावी, असे माझे म्हणणे आहे.

आता दुसरा मुद्दा, ज्यावरून माझी गिऱ्हाइकांशी नेहमी वादावादी होते. नवी गाडी आली की पंधरा दिवसांत मालक म्हणतात, मागच्या स्प्रिंगला एक जादा पाटा टाका. त्यांना वाटते पाटा टाकला म्हणजे गाडी मजबूत झाली. अनेक पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलपासून चॅसिसवरील एका व्हॉल्व्हपर्यंत बोटाएवढी सळई गेलेली असते. माल भरला की चॅसिस खाली बसते, सळई हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो; गाडी रिकामी असेल तर कमी सोडतो, म्हणजे मागची चाके घसरत नाहीत. जादा पाटा टाकल्यावर गाडी भरूनही पुरेशी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटते गाडी हलकी आहे. मागचे ब्रेक अर्धेच लागतात, सगळा भार पुढच्या चाकांवर येतो आणि घाट उतरताना नेमके तेच तापतात. गेल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका गाडीच्या पुढच्या डिस्क निळ्या पडल्या होत्या आणि मागचे लायनर मात्र कोरे करकरीत होते. मालक मला गाडीच्या कंपनीला शिव्या घालून दाखवत होता. मी त्याला खाली वाकायला लावले आणि ती सळई हाताने हलवून दाखवली.

बॉनेटविषयी एक वाक्य. बोलेरो आणि योद्धा यांचे इंजिन पुढे बॉनेटखाली असते, त्यामुळे उभ्याने काम करता येते. दोस्त आणि इंट्रा यांच्यात बैठक उचलून हात घालावा लागतो. मला दोन्हींची सवय आहे, पण पावसात रस्त्यावर काम करायचे झाल्यास पहिली बरी.

पंचगंगाकाठ

नव्या गाडीचा एवढा आग्रह कशासाठी? तीन-चार वर्षे वापरलेली पिकअप घेतली तर निम्म्या पैशांत काम होईल आणि खोडी काय आहेत त्या पहिल्या मालकाला कळलेल्या असतील. फक्त 2019 च्या ऑगस्टमध्ये किंवा 2021 च्या जुलैमध्ये आपल्या भागात असलेली गाडी असेल, तर ती पुरात उभी नव्हती याची खात्री करून घ्यावी. शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, तिथे गोदामांतल्या गाड्यांचे काय झाले असेल याची कल्पना करा. बैठकीच्या रुळांचे बोल्ट, बेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारे त्याचे शेवटचे टोक आणि हेडलाइटच्या आतली कड या तीन जागी गाळाची बारीक रेघ राहतेच. विक्रेता गाडी कितीही चकचकीत करून आणो.

उद्यमनगरचा फिटर

पूर पाहिलेली गाडी ओळखण्याच्या खुणा आपण अचूक सांगितल्या आहेत. मात्र जुन्या बीएस6 गाडीत डीपीएफ कापून काढलेली नाही ना, हेही पाहावे. काही जण ती आतून पोखरून रिकामी करतात आणि संगणकालाही फसवतात. अशी गाडी फिटनेसला अडकते आणि ती जाळी नवीन घ्यायची म्हटली तर जुन्या गाडीत वाचवलेले पैसे बरेचसे तिथेच जातात.

जमाखर्च

यांत्रिक बाबींत मला गती नाही. दोन कागदी गोष्टी सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुने दरपत्रक कोणी पुढे केले तर ते परत करावे. या कराची वजावट मालवाहू गाडीवर मिळू शकते, पण केवळ करमुक्त मालासाठी गाडी वापरली तर मिळत नाही. आपला सुटा गूळ आणि बांधीव खोकी यांचे प्रमाण सांगून करसल्लागाराला आधीच विचारावे, कारण गाडीचे बिल कोणाच्या नावाने करायचे ते त्यावर ठरते.

दुसरे म्हणजे परवाना. मालासह एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याखाली परमिट लागत नाही. आपल्या यादीतील मोठ्या गाड्या त्यापलीकडे जातात. त्या मर्यादेत राहणाऱ्या लहान गाडीत थोडे कमी रवे बसले तरी कागदांची कटकट कमी होते. फिटनेस मात्र दोन्हींना चुकत नाही. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी.

रवेकर (करवीर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण घाटवाट यांचे म्हणणे वाचल्यावर केवळ चर्चा न करता मी एक प्रयोग केला. माझ्या यादीतील दोन मॉडेल ज्यांच्याकडे आहेत अशा ओळखीच्या दोन मालकांना नेहमीचे भाडे देऊन त्यांच्या गाड्या एकाच दिवशी कणकवलीला नेल्या. दोन्हींत वजनकाट्यावर मोजून पन्नास-पन्नास रवे भरले. जाताना मी एका गाडीत बसलो आणि माझा धाकटा भाऊ दुसरीत; गगनबावड्याला चहा घेऊन आम्ही जागा बदलल्या.

करूळ घाट 2024 मध्ये कामासाठी बंद होता तेव्हा आम्ही फोंड्याने जात होतो, त्यामुळे नवा रस्ता मलाही फारसा सवयीचा नव्हता. मोठ्या इंजिनाची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जवळजवळ आपोआप उतरली. चालकाने ब्रेक किती वेळा दाबला ते मी बोटांवर मोजत होतो आणि दोन्ही हातांची बोटे पुरली. दुसरीत भावाने मोजणे सोडून दिले. खाली उतरल्यावर आम्ही चाकांजवळ हात नेऊन पाहिला, तर दुसरीच्या पुढच्या चाकाशी हात धरवत नव्हता. परंतु तिच्या मागे वाकून पाहिले तेव्हा फिटर साहेबांनी लिहिलेला जादा पाटा तिथे होताच. त्यामुळे दोष मॉडेलचा की पाट्याचा, हे पुन्हा सांगता येईना. मालकाला मी हे दाखवले. तो म्हणाला, पाटा काढला तर उसाच्या रानातून गाडी निघणार कशी?

सध्या कल 1.7 टनांच्या बोलेरोकडे आहे, आणि त्याचे मुख्य कारण घाटवाट यांनी सांगितलेले गॅरेजांचे आहे. कोल्हापूर ते तळेरे या वाटेवर आम्ही थांबून विचारलेल्या सात गॅरेजांपैकी सहांनी तिचे काम करतो असे सांगितले. योद्ध्याची ताकद मोहात पाडते, पण आमच्या वाटेला ती चढावर लागते आणि चढावर आमच्याकडे माल नसतो. वडिलांचे मत वेगळे आहे. त्यांना अजूनही टाटाची जुनी 207 पिकअप हवी आहे आणि ती आता मिळत नाही, हे ते मान्य करायला तयार नाहीत.

एकच शंका उरली आहे. पावसाळ्यात गाडी तीन-चार महिने जवळजवळ उभीच राहील. तेव्हा काय करावे?

उद्यमनगरचा फिटर

आठवड्यातून एकदा ती कागलपर्यंत महामार्गाने सलग नेऊन आणा, म्हणजे बॅटरी आणि डीपीएफ दोन्हींचे काम होईल. जागच्या जागी इंजिन चालू करून ठेवू नका, त्याने काजळी वाढते. मात्र आपल्या बाबतीत मला बॅटरीपेक्षा उंदरांची जास्त काळजी वाटते. गुळाची गाडी गोड असते. हौद्याच्या फटींत पाझर साचतो आणि तिथून मुंग्या, मग उंदीर थेट वायरिंगपर्यंत जातात. मागच्या श्रावणात एका गुऱ्हाळाची गाडी ओढून आणली होती, तिच्या सेन्सरच्या वायरी इंचा-इंचाने कुरतडलेल्या होत्या आणि एअर फिल्टरच्या डब्यात गोणपाटाचे घरटे होते. हंगाम संपताच हौदा गरम पाण्याने धुवा, चॅसिसच्या आतल्या बाजूसही पाणी मारा आणि गाडी गुऱ्हाळाच्या छपरात न लावता घरापुढे लावा. गाडी ताब्यात घ्याल त्या दिवशी डिपस्टिकवर ऑइल कुठपर्यंत आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.